खिळ्यावरची किल्ली

तिला आमच्या संस्थेत मी चिकटवून दिलं, हे आधीच सांगून टाकते. पुढे ही गोष्ट कोणी लक्षात ठेवली नाही, म्हणून निदान इथे तरी ती लिहिलेली असावी.

जयपुरातलं मराठी विश्व तसं लहान. बँकेतले, विम्यातले, केंद्र सरकारच्या बदल्यांवर आलेले, थोडे प्राध्यापक, थोडे डॉक्टर. आम्हीही नवऱ्याच्या बँकेच्या बदलीने अमरावतीहून आलो आणि पुढची बदली टाळता टाळता इथलेच झालो. तिची आई माझी मंडळातली मैत्रीण. मुलगी जन्मली, शिकली ती जयपुरातच, लग्नही इथल्याच मुलाशी केलं. मराठी बोलते, पण ‘मतलब’ टाकल्याशिवाय तिचं वाक्य पुढे सरकत नाही. ‘काकू, माझ्यासाठी काही काम बघा ना, मतलब लोकांसाठी काहीतरी करायचंय मला,’ असं म्हणत ती माझ्या घरी आली होती. मी शब्द टाकला. मालवीय नगरच्या आमच्या ऑफिसात तिला टेबल मिळालं ते माझ्या टेबलाशेजारी. मदतीचं काम कसं करायचं हे तिला मी शिकवलं. निदान माझी तशी समजूत होती.

आमची संस्था आपत्तीत सापडलेल्या लोकांना मदत करते. त्या वर्षी श्रावणात जयपूरवर असा पाऊस झाला की इथल्या म्हाताऱ्यांनीही तोंडात बोटं घातली. मुरलीपुऱ्यात छोट्या कारखान्यांच्या मागे एक सखल वस्ती आहे, तिथे नाल्याचं पाणी घराघरांत शिरलं. तिकडे शहराबाहेर बगरूला कापडावर लाकडी ठशांनी छपाई करणाऱ्यांच्या मोहल्ल्यात तेच झालं. चुली मोडल्या, धान्य भिजलं, रंगाच्या नांदींत चिखल भरला. संस्थेने दोन्ही ठिकाणी सामूहिक स्वयंपाकघरं उघडली. वस्तीतल्याच बायका रांधणार, सामान आम्ही पुरवणार. मुरलीपुरा माझ्याकडे आला आणि बगरू तिच्याकडे.

आमचे संचालक, ज्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणतो, त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं की पावसाळा संपला तरी ही स्वयंपाकघरं बंद करायची नाहीत. वस्तीतल्या मुलांसाठी आणि गरोदर बायांसाठी ती कायमची चालवायची आणि दोन्हींवर मिळून एक प्रमुख नेमायची. प्रमुख म्हणजे पक्की नोकरी. मी इतकी वर्षं करारावर होते. दर मार्चमध्ये, करार वाढतो की नाही या काळजीने माझी झोप उडायची. ती जागा माझीच होती. तसं कोणी बोलून दाखवलं नव्हतं, पण ऑफिसात चहा आणणाऱ्या भैयालासुद्धा ते ठाऊक होतं.

मुरलीपुऱ्याचं काम मी चोख बांधलं. बारा म्हणजे बाराला पंगत. कोठीच्या खोलीला कुलूप आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. रोज सकाळी मी स्वतः उभी राहून पीठ, डाळ, तेल काढून द्यायची. मधेच काही लागलं तर माझ्याकडे यायचं. मी उठायची, कुलूप काढायची, हवं ते द्यायची आणि विचारायची, ‘और कुछ?’ त्या ‘और कुछ’मध्ये असं काही असायचं की सहसा कोणी दुसऱ्यांदा येत नसे. हसू नका. मागे एका शिबिरात तेलाचे डबे गायब झाले होते, तेव्हा बोलणी मी खाल्ली होती. तेव्हापासून कोठीची किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही हे मी ठरवून टाकलं होतं. आणि खरं सांगू? दिवसभर ‘मैडम, चाबी’, ‘मैडम, नमक’ हे ऐकायला मला बरं वाटायचं. घरी मला कोण एवढं विचारतं?

पंधरवड्याने सर मला बगरू पाहायला घेऊन गेले. मी दोष शोधायलाच गेले होते, हे लपवत नाही. गाडीत बसल्यापासून मनात म्हणत होते, की पोरीने नक्की पसारा घातला असणार.

आणि पसाराच होता! रांग नाही, पंगत नाही. दोघंतिघं येत होते, जेवत होते, जात होते. मी विचारलं, ‘जेवणाची वेळ काय ठेवली आहेस?’ ती म्हणाली, ‘वेळ म्हणजे, काकू, यांचं कापड उन्हात वाळायला पडलं की हे मोकळे होतात. आजकाल ऊन कधी पडेल कोण सांगणार? मतलब, या बायकाच ठरवतात कधी वाढायचं ते.’ मेनूही त्याच ठरवत होत्या. त्या दिवशी बाजरीचं पीठ ताकात शिजवून केलेली राबडी होती आणि पोरं भांड्याला बोटं लावून चाटत होती. माझ्याकडे बाराच्या ठोक्याला वरण, भात, पोळ्या वाढल्या जायच्या, कारखान्यांत रोजंदारीवर गेलेली माणसं दुपारी उशिरा परत यायची आणि गार झालेला भात नको म्हणून निघून जायची. उरलेलं अन्न मी ‘शिल्लक’ म्हणून लिहायची. तिच्याकडे शिल्लक काही दिसेना.

मग मला कोठी दिसली. दाराला कुलूप होतं, पण चौकटीशेजारी भिंतीत एक खिळा ठोकलेला आणि त्या खिळ्यावर किल्ली लटकत होती.

‘हे काय ग?’

‘चाबी तिथेच टांगून ठेवते मी. ज्याला लागेल तो घेईल.’

‘आणि कोणी नेलं सामान तर?’

‘कुठे नेतील, काकू? स्वतःच्याच घरी ना!’ असं म्हणून ती मोठ्याने हसली. सरही हसले. मला हसू आलं नाही. तेलाच्या डब्याला झाकण नव्हतं, तेवढं मी सरांना दाखवलं आणि परतीच्या वाटेवर तेवढ्यावरच समाधान मानलं.

तिची आणखी एक पद्धत मला तिथल्या बायकांकडून कळली. सकाळी चहा पिताना ती सगळ्यांना एकच प्रश्न विचारायची, की आज माझ्यामुळे कोणाचं काम अडलंय का? आणि त्या बायका सांगायच्या! दीदी, तुम्ही लाकडं मागवायची विसरलात. दीदी, तुमचा तो सप्लायर डाळीत खडे देतो. ती कान पकडायची आणि लगेच फोन लावायची. हे ऐकल्यापासून मला चैन पडेना. इतकी साधी गोष्ट मला का सुचली नाही?

मी ती उचलली. दुसऱ्याच दिवशी मुरलीपुऱ्यात चहाच्या वेळी सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, ‘आज मेरी वजह से किसी का काम अटका है?’ बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने पदर सारखा केला. शेवटी आमची मुख्य स्वयंपाकीण, जिला मी चांगली स्वयंपाकीण म्हणून मुद्दाम निवडलं होतं, ती हात जोडून म्हणाली, ‘नहीं मैडम, आपकी तो किरपा है।’ बाकीच्यांनी माना डोलावल्या. तोच प्रश्न, तोच चहा, तिच्याकडे उत्तरं यायची आणि माझ्याकडे कृपा. मी चार दिवस नेटाने विचारलं आणि सोडून दिलं.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्याच, पण आम्हा वऱ्हाडातल्यांचा थाट मोठा. जेवणाच्या दिवशी पुरणपोळ्या, सोळा भाज्यांची एकत्र भाजी, आंबील, कढी, वडे, सगळं सोवळ्यात. जयपुरात पडवळ शोधायला बाजार पालथे घालावे लागतात आणि केळीची पानं मंडळातलं कोणी ना कोणी कुठून तरी मिळवतं. मी रजा टाकली. आदल्या संध्याकाळी मुरलीपुऱ्याला जाऊन दुसऱ्या दिवसाचं सगळं सामान बाहेर काढून दिलं, कोठीला कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये ठेवली, फोनही सकाळी पर्समध्येच टाकला आणि पर्स कपाटात. सोवळ्यात फोनला हात लावणार नव्हते. एका दिवसाचा तर प्रश्न होता.

सवाष्ण म्हणून तिला बोलावलं होतं. तिच्या आईशी इतक्या वर्षांचा घरोबा, न बोलावून मंडळात चर्चा कोण ओढवून घेणार? ती आली ती आईची पैठणी नेसून, नाकात नथ. मी तिचे पाय धुतले, हळदीकुंकू लावलं, पानावर बसवलं. मनात नको नको ते येत होतं. आत महालक्ष्म्या उभ्या आहेत, बाई, आज तरी मन स्वच्छ ठेव, असं स्वतःला बजावत मी वाढत होते.

मी तूप वाढत असतानाच तिचा फोन वाजला. तिने डाव्या हाताने पर्समधून काढून पाहिला आणि म्हणाली, ‘अरे, हे काय!’ मग तिने मला वाचून दाखवलं. बगरूच्या स्वयंपाकिणीचा निरोप होता. ‘दीदी, मुरलीपुरा में आटा खतम हो गया था और कोठी बंद थी। हमने यहाँ से खाना भेज दिया है। आप आराम से जीमना।’

तुपाची वाटी माझ्या हातात तशीच राहिली. झालं होतं असं की पहाटे मुरलीपुऱ्यात पुन्हा जोराचा पाऊस झाला, नाला पुन्हा चढला आणि पलीकडच्या गल्लीतली माणसंही जेवायला आमच्याकडे आली. मी काढून दिलेलं पीठ बघता बघता संपलं. बाकीचं सगळं कुलपाआड. मी कपाटाकडे धावले. फोनवर मुरलीपुऱ्याहून आलेल्या न घेतलेल्या फोनांची ही रांग लागली होती.

बाहेर येऊन मी तिला विचारलं, ‘तुला विचारलं नाही त्यांनी, पाठवण्याआधी?’

‘नाही ना, काकू. मतलब, कशाला विचारतील? लोकांना भूक लागली होती.’

तिच्या बोलण्यात कुचकेपणा नावालाही नव्हता. असता तर मला फार सोपं गेलं असतं. ती निवांत पुरणपोळी खात होती. तिचं स्वयंपाकघर तिच्याशिवाय चाललं होतं आणि वर माझ्या वस्तीलाही जेवू घालत होतं. माझं स्वयंपाकघर माझ्या पर्समध्ये, कपाटात बंद होतं. दोघीही एकाच घरात, एकाच दिवशी, एकाच पंगतीत होतो. हे इतकं समोरासमोर दिसायला नको होतं.

तिची ओटी भरून तिला निरोप दिला आणि मी नऊवारीतच रिक्षा केली. नवरा दारापर्यंत आला. ‘अवो, एवढं काहून मनाला लावून घेऊन राहिली? जेवले ना लोक?’ जेवले, हेच तर दुखत होतं! लोक खोळंबून बसले असते तर मी जाऊन कुलूप उघडलं असतं, चार बोलणी ऐकली असती, पण माझ्यावाचून अडतं हे तरी सगळ्यांना दिसलं असतं. असा विचार करणारी बाई मदतीच्या कामात कशी, असं वाटेल कोणाला. वाटू दे.

मुरलीपुऱ्याला पोचले तेव्हा बायका भांडी घासत होत्या. बगरूहून कापडाचे गठ्ठे आणणारा टेम्पो दाराशी उभा होता, त्यातूनच पातेली आली होती. पातेली ज्या छापील कापडांत बांधून आणली होती ती धुऊन दोरीवर वाळत घातलेली. बिघडलेल्या छपाईचे तुकडे असावेत, निळी नक्षी एका बाजूला पसरली होती. पोरं पोट भरून चिखलात खेळत होती. मुख्य स्वयंपाकीण मला बघून चपापली.

‘आप क्यूँ आईं मैडम? आज तो आपके घर पूजा है।’

मी विचारलं, कुलूप का नाही तोडलंत? माझ्या आवाजात राग होता, पण तो तिच्यावर नव्हता. तिने मान खाली घातली. ‘मन में आया था मैडम। पर आपका ताला था।’ मग म्हणाली, ‘बगरू वालों को फोन करने में डर नहीं लगा।’ मी किल्ली घट्ट मुठीत धरून उभी होते. कोठी उघडायचं आता काही कारण उरलं नव्हतं, तरी मी ती उघडली, पिठाचं पोतं बाहेर काढलं आणि परत आत ठेवलं.

ही हकिगत मी सरांच्या कानावर घालणार नव्हते. तिनेही घातली नाही, हे मला मागाहून कळलं. पण मदत देणारी मंडळी पाहणीला आली तेव्हा आमच्याच बायकांनी ती मोठ्या कौतुकाने सांगितली. बगरूहून कसा टेम्पो आला, राबडी कशी गरम होती, सगळं. मी शेजारी उभी राहून हसत होते. आठवड्याभरात सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते म्हणाले, तुमचं काम चोख आहे, कागद चोख आहेत, यात शंकाच नाही. पण आपल्याला असं काम हवं आहे की जे आपण नसतानाही चालेल. मी ‘बरोबर आहे, सर’ म्हटलं. प्रमुख ती झाली.

ती मिठाईचा डबा घेऊन घरी आली. वाकून नमस्कार केला. ‘काकू, मुरलीपुरा तुमचंच राहील. मतलब, मी तिथे काहीच बदलणार नाही.’ पाया पडून कोणी इतकं अपमानित करू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मी तोंडात मिठाई घातली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती गेल्यावर अर्धा डबा मोलकरणीला देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी मी हातोडी घेऊनच मुरलीपुऱ्याला गेले. कोठीच्या चौकटीशेजारी खिळा ठोकला आणि किल्ली टांगली. बायका बघत राहिल्या. त्यांना वाटलं असेल मॅडम बदलल्या. कसल्या बदलतात! मी चोरीची वाट बघत होते. एक डबा जरी नाहीसा झाला असता तरी मी तो तिच्या टेबलावर नेऊन आपटला असता. रोज सकाळी जाऊन आधी तेल बघायची, मग तूप, मग साखर.

काहीच गेलं नाही. उलट जेवण आपोआप दुपारी पुढे सरकलं, कारखान्यांतली माणसं गरम जेवायला लागली आणि माझी ‘शिल्लक’ लिहायची वेळ संपली. पुढेपुढे सर पाहुण्यांना बगरूऐवजी मुरलीपुरा दाखवायला आणू लागले. श्रेय कोणाला द्यायचं यावर मी मनात पुष्कळ भांडले. पण बायका सकाळी यायच्या, मला ‘राम राम मैडम’ म्हणायच्या आणि माझ्यासमोरून सरळ खिळ्याकडे जायच्या. आधी मी तिचा हेवा करत होते. आता मला त्या खिळ्याचा वाटायला लागला.

पुढच्या भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. तीच सवाष्ण. आता ती माझी वरिष्ठ, तरी काकूच म्हणते. तिने या वेळी पर्स बाहेरच्या खोलीत ठेवून दिली आणि हात धुऊन पानावर बसली. मी मात्र फोन खिडकीत ठेवला होता, दिसेल असा. आंबील वाढली, भाजी वाढली, पोळ्या वाढल्या. वाढता वाढता सारखी खिडकीकडे बघत होते. फोन वाजला नाही. शेवटी मला राहवेना. सोवळ्याचं काय व्हायचं ते होवो म्हणून फोन उचलला आणि आतल्या खोलीत जाऊन मीच मुरलीपुऱ्याच्या मुख्य स्वयंपाकिणीला लावला.

‘सब ठीक है? आटा है?’

‘है मैडम।’

‘और तेल, नमक?’

‘सब है मैडम।’ मागे भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी खळखळून हसत होतं. तिला घाई असणार, वाढायची वेळ होती. तरी अदबीने तिने विचारलं, ‘और कुछ, मैडम?’

मी म्हटलं, नाही, काही नाही.

फोन ठेवून मी तशीच पलंगाच्या कडेवर बसले. बाहेरून तिचा आवाज आला, ‘काकू, थोडं तूप!’ मी उठले आणि तुपाची वाटी घेऊन गेले.